नळीचं दुसरं टोक

१

त्या कागदावर आठ रकाने होते. पायाची लांबी, रुंदी, दोन्ही कर्ण, बोल्टांच्या जागा, चार कोपऱ्यांची पातळी वगैरे. पातळीत पाच मिलिमीटरपर्यंत फरक चालेल, असं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. खाली तपासणाऱ्याची सही. ती सही माझी आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे मला निर्दोष समजण्याची चूक कोणी करणार नाही.

माझा मुलगा सुदर्शन कंपनीतर्फे दोन वर्षं थंड मुलखात राहून आला आणि येताना लाकडी घराचं खूळ घेऊन आला. खराडीत, त्याच्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर, त्यानं प्लॉट घेतला. दोन हजार चार सालची गोष्ट. तेव्हा तिकडे एका बाजूला काचेच्या इमारती उठत होत्या आणि दुसऱ्या बाजूला मेथी निघत होती. भिंती, खिडक्या, छपराच्या कैच्या, सगळं कापून, नंबर घालून कंटेनरमधून आलं. आपण फक्त जोतं बांधून द्यायचं, वर चार दिवसांत घर उभं. नातेवाइकांनी वाळवीची चौकशी केली. माझ्या मेव्हण्यानं विचारलं, "अग्निशामक दलाशेजारी प्लॉट मिळाला नाही का?"

मी एकतीस वर्षं कालव्यांवर ओव्हरसियर होतो. मैलभराच्या कालव्याला वीतभर उतार द्यायचा आणि पाणी शेवटच्या शेतापर्यंत न्यायचं, यात आयुष्य गेलं. पातळीच्या बाबतीत मी कोणावर विश्वास ठेवत नाही, स्वतःवरही नाही. म्हणून तपासणी मी करणार, हे न बोलता ठरलं होतं.

घराच्या नकाशावर मागच्या कोपऱ्यातल्या खोलीत 'पूर्वा' असं वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं. माझी नात, वय वर्षं सात. खोली तिनं स्वतः निवडली होती. माझ्या कागदावर तो चौथा कोपरा.

२

पातळी काढायला माझ्याकडे प्लॅस्टिकची पारदर्शक नळी असते. नळीत पाणी भरायचं, बुडबुडे काढायचे. एक टोक मी पक्क्या खुणेपाशी धरायचं, दुसरं टोक गवंड्यानं कोपऱ्यावर उभ्या केलेल्या पट्टीला लावायचं. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत येतंच, त्याला इलाज नाही. पाणी हलायचं थांबलं की पलीकडचा ओरडतो, "थांबलं," आणि पट्टीवर रेघ मारतो. मग टोकं बदलायची. तो माझ्या जागी येतो, मी त्याच्या जागी जातो आणि पुन्हा बघतो. एकाच्या डोळ्याची चूक दुसऱ्याच्या डोळ्यानं निघते. टोकं बदलल्याशिवाय मी कधी आकडा लिहीत नाही.

गवंडी भैरू माझ्या ओळखीतला. बिबवेवाडीत आमच्या घरामागच्या गल्लीत राहतो. वय पन्नाशीचं, हात चांगला, तोंड त्याहून चांगलं.

शनिवारी सकाळी सुरुवात केली. माझी पक्की खूण फाटकाजवळच्या दगडी खांबावर होती. पहिले तीन कोपरे तासाभरात झाले. फरक एक मिलिमीटर, दोन, एक. भैरूवर खूश झालो, पण बोललो नाही. कौतुक केलं की गवंडी बिघडतो.

चौथा कोपरा मात्र खांबापासून दिसत नव्हता. घराच्या भिंतींचे गठ्ठे मध्ये रचलेले होते, पुरुषभर उंच, वर निळी ताडपत्री. नळी त्यांना वळसा घालून पलीकडे गेली होती. मी माझं टोक खुणेला लावलं. पाणी थोडं खाली गेलं, वर आलं, स्थिर झालं.

"थांबलं," गठ्ठ्यांमागून आवाज आला.

"रेघ मार," मी म्हणालो. "आणि ये इकडे, टोकं बदलू."

तेवढ्यात फाटक वाजलं. माझ्या पाठीमागून, रस्त्याकडून, भैरू दोन चहाचे ग्लास घेऊन आत आला.

"चवथ्याचं टोक पट्टीला बांधून ठिवलंय, रावसाहेब," तो म्हणाला. "म्हनलं आधी चहा घिऊ."

३

मी चहा प्यायलो. नाही कशाला म्हणायचं?

'थांबलं' हा एकतीस वर्षं रोज शंभरदा ऐकलेला शब्द आहे. कानानं तो आपणहून ऐकला असेल. निवृत्त माणसाला ऑफिसची घंटा ऐकू येते म्हणतात, तसलंच काहीतरी. असा हिशोब जुळवत मी गठ्ठ्यांना वळसा घालून गेलो.

पट्टीवर रेघ होती. भैरूची रेघ लाल पेन्सिलीची असते. ही कोरलेली होती, खिळ्यानं ओरखडावी तशी. बोट फिरवलं तर ओली लागली.

मोजली. जिथे असायला हवी त्याच्यापेक्षा सहा मिलिमीटर वर. म्हणजे कोपरा तेवढा खाली बसला होता. पाचाला परवानगी, आणि हे सहा.

भैरूला पट्टीपाशी उभं केलं, डोक्यावर हात धरायला लावला, म्हणजे गठ्ठ्यांवरून मला त्याची बोटं दिसत राहतील. पुन्हा पाणी लावलं. या वेळी फरक एक मिलिमीटर. लाल रेघ कोरलेल्या रेघेच्या खाली, व्यवस्थित.

"ती वरची रेघ तू मारलीस?" मी विचारलं.

"म्या कशाला लाकूड खराब करीन?" तो म्हणाला.

मघाशी नळीत बुडबुडा असणार. बुडबुड्यानं पातळी फसते, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. कागदावर एक लिहिलं. ऊन चढलं होतं, जीव वैतागला होता, म्हणून चौथ्या कोपऱ्याची टोकं मी बदलली नाहीत.

४

रविवारी मी एकटाच गेलो. क्रेन गुरुवारी येणार होती आणि टोकं न बदलता लिहिलेला आकडा मला टोचत होता. भैरू अकराला येतो म्हणाला होता. स्वारगेटवर त्याची बस चुकली, हे नंतर कळलं.

सकाळचे साडेअकरा. रस्त्यापलीकडे म्हशी बांधलेल्या, लांब कुठेतरी काँक्रीटचं मिक्सर फिरत होतं. काँक्रीट मुरावं म्हणून जोत्यावर सिमेंटची छोटी आळी घालून पाणी बांधलेलं होतं, प्रत्येक खोलीचं वेगळं तळं. भैरूनं ती आदल्या संध्याकाळी काठोकाठ भरली होती. बाकी सगळी अजून तशीच होती. फक्त पूर्वाच्या खोलीतलं पाणी अर्धं उतरलेलं होतं. तडा कुठेच नव्हता, मी गुडघ्यांवर बसून पाहिलं.

नळीचं एक टोक चौथ्या पट्टीला बांधलं, दुसरं घेऊन खांबापाशी आलो आणि पाणी थांबायची वाट बघत राहिलो.

ते थांबेना. बोटभर वर यायचं, क्षणभर राहायचं, बोटभर खाली जायचं. पुन्हा वर. वारा नव्हता. मी घड्याळ लावून बघितलं. मिनिटाला चौदा वेळा. झोपलेल्या माणसाचं पोट बघत बसावं, तसा मी त्या पाण्याकडे बघत होतो. उन्हानं नळी तापली असेल, असं मनाशी म्हटलं. तापलेली नळी मिनिटाला चौदा वेळा तापत नाही, हेही मला ठाऊक होतं.

नळी हलवायची असली की टोकावर अंगठा दाबायचा असतो, पाणी सांडू नये म्हणून. सवयीनं मी अंगठा ठेवला. अंगठ्याचं मांस आत ओढलं गेलं. हळू, बेतानं, लहान मूल पितं तसं.

मी अंगठा काढला. पाणी लगेच स्थिर झालं.

"थांबलं," पलीकडून आवाज आला. घागरीत तोंड घालून बोलावं तसा. आणि मग, "टोकं बदलायची?"

मला भीती वाटली. पण खरं सांगायचं तर त्याआधी लाज वाटली. कामात राहून गेलेली गोष्ट कोणीतरी माझ्या तोंडावर काढली होती. आणि आयुष्यभर अडचणीच्या माणसाला जे उत्तर दिलं तेच माझ्या तोंडून गेलं.

"नंतर बघू," मी म्हणालो.

पलीकडे काहीच हललं नाही. पाच मिनिटांनी धीर करून गेलो. कोपऱ्यावर कोणी नव्हतं. पट्टीवर तिसरी रेघ होती, पहिल्या दोन्हींच्या चार बोटं वर.

५

फाटकाबाहेर एक म्हातारी उभी होती. गोदाबाई. ही सगळी जमीन पूर्वी तिच्या घरची. आता ती समोरच्या पत्र्याच्या खोलीत राहायची आणि म्हशी बघायची. तिला नीट दिसत नव्हतं. माझ्या पावलांवरून तिनं मान वळवली.

"नळी ठिवली का, भाऊ?"

"कसली नळी?"

"हिरीला. हितं आमची हीर हुती. जिमीन इकल्यावर पोरांनी डंपरनं बुजवली. म्या म्हनलं, नळी ठिवा, तिला वारा लागतुया. कोन ऐकतंय म्हातारीचं."

"नेमकी कुठे होती विहीर?"

"बाभळीपाशी."

"आणि बाभूळ कुठे होती?"

"हिरीपाशी," ती म्हणाली आणि म्हशीकडे गेली.

रात्रीच्या जेवणाला सगळे बिबवेवाडीत आमच्याकडे होते. मी सुदर्शनला म्हणालो, "चौथ्या कोपऱ्याखाली विहीर असावी. मी सही करत नाही."

"बाबा, दोन ठिकाणी बोअर मारून सॉइल रिपोर्ट घेतलाय. सातबारावरही विहीर नाहीये."

"सातबारावर तुझी आजीही नव्हती. म्हणून ती नव्हती का?"

"मग सांगा ना, किती बसलाय कोपरा?"

कागदावर एक मिलिमीटर लिहिलेलं होतं आणि ते माझ्याच हातचं होतं. नम्रतानं, माझ्या सुनेनं, आमटी वाढता वाढता विचारलं, "बाबा, तुम्हाला बरं नाहीये का? गोळ्या घेताय ना वेळेवर?"

आवाजाबद्दल मी बोललो नाही. बोललो असतो तर मला डॉक्टरकडे नेलं असतं, आणि मग सही दुसऱ्या कोणीतरी न बघता केली असती. त्या कोपऱ्यावर माझी नात झोपणार होती. मला दुसऱ्या कशाशी कर्तव्य नव्हतं.

पूर्वा माझ्या मांडीवर येऊन बसली. "आबा, तू माझी खोली मोजलीस?"

"मोजली."

"बरोबर आहे?"

"बघतोय," मी म्हणालो.

६

सुदर्शन चांगला मुलगा आहे. कुरकुर करून का होईना, मंगळवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आला. पूर्वाच्या खोलीच्या कोपऱ्यात भोक पाडून बघायचं ठरलं.

भैरूनं मशीन लावलं. चार इंच काँक्रीट. खाली ठोकून बसवलेला मुरूम, दोन फूट. मग त्यानं पहार घातली आणि ती कातळावर ठण्णकन वाजली. मी स्वतः पहार घेतली, चार बाजूंनी मारली. चारी बाजूंनी कातळ. याहून चांगला पाया माझ्या नोकरीत मी फार थोडे पाहिले.

"झालं समाधान?" सुदर्शन म्हणाला.

झालं होतं. निदान डोक्याचं तरी. उकिडवा बसूनच मी कागद गुडघ्यावर घेतला आणि सही केली. सुदर्शन तो घेऊन ऑफिसला गेला.

भैरू भोक भरायला सिमेंट कालवायला लागला. शेजारी पीव्हीसी नळीचा दोन-अडीच फुटांचा तुकडा पडला होता.

"थांब," मी म्हणालो. "ही घाल भोकात. वरचं तोंड फरशीच्या बरोबर ठेव, वर जाळीचं झाकण लाव."

भैरूनं माझ्याकडे बघितलं. "म्हातारीनं सांगितलं का?"

"वाळवीचं औषध सोडायला लागेल," मी म्हणालो. "लाकडी घर आहे."

"हां, वाळवी," भैरू म्हणाला.

आयुष्यभर लिंबू-मिरचीची टिंगल केलेला माणूस मी. पण ठेवली नळी, तर काय बिघडतं? खाली नुसता कातळ आहे. असली तर असू दे. नळी बसली तेव्हा मला बरं वाटलं. काहीतरी देऊन टाकल्यासारखं.

७

घर चार दिवसांत उभं राहिलं. भिंती बोल्टांवर अशा बसल्या, की बरोबर आलेल्या परदेशी मिस्त्रीनं माझा हात हातात घेऊन हलवला. आत ताज्या लाकडाचा वास. वाळवीची चौकशी करणारे येऊन, जेवून, गप्प होऊन गेले. मीही निवांत झालो. रविवारी जायचो, पूर्वाला शेजारच्या मळ्यात फिरवून आणायचो.

ऑगस्टमध्ये तिला आठ वर्षं पूर्ण झाली. नम्रतानं खोलीच्या दाराच्या चौकटीपाशी तिला उभं करून पेन्सिलीनं उंचीची खूण केली, बाजूला तारीख लिहिली. लाकडी घराची हीच मजा, म्हणाली.

सप्टेंबरात नम्रताचा फोन आला. "बाबा, तुम्ही पूर्वाला जरा समजावा. चौकटीवर ओरखडे काढतेय. विचारलं की म्हणते मी नाही."

मी गेलो. ओरखडा घोट्याच्या उंचीवर होता. आडवा, सरळ, खिळ्यानं कोरल्यासारखा.

"पूर्वा, हे कोणी केलं?"

"मला नाही माहीत, आबा." तिचा चेहरा खोटं बोलणाऱ्या मुलाचा नव्हता. "तो मोजतो बहुतेक."

"कोण?"

ती खांदे उडवून खेळायला गेली. मी ओरखड्यावर बोट फिरवलं. ओला होता.

पुढच्या रविवारी दुसरा, गुडघ्याशी. मग कमरेशी. मी घरी काही बोललो नाही. काय बोलणार होतो? सही कोणाची, नळी कोणाची? दर रविवारी खिशात टेप घालून जायचो आणि दर वेळी शेवटचा ओरखडा पूर्वाच्या खुणेच्या आणखी जवळ आलेला असायचा. ऑक्टोबरच्या शेवटी दोन्हींत वीतभर अंतर उरलं.

बुधवारी दुपारी मी सिमेंटची पिशवी घेऊन निघालो. नळी बुजवायची, हे मी स्वारगेटला पोहोचेपर्यंत पक्कं केलं होतं.

८

सुदर्शन आणि नम्रता ऑफिसात होते. कामाच्या मुक्ताईनं दार उघडलं आणि ती पुन्हा भांड्यांकडे गेली. "पूर्वाताई शाळेतून आल्यात, खोलीत हायत," ती म्हणाली. मागच्या अंगणात मी घमेल्यात सिमेंट कालवलं, थापी घेतली आणि आत आलो.

पूर्वा चौकटीला पाठ लावून उभी होती. टाचा जुळवलेल्या, मान सरळ. उंची मोजायला उभं करतात तशी. शाळेचा गणवेश अंगावर होता. मोजे गुडघ्यापर्यंत ओले होते.

"पाय कुठे भिजवलेस?" मी विचारलं.

ती हसली. मी घमेलं खाली ठेवलं, टेबलावरच्या तिच्या कंपासपेटीतली पट्टी तिच्या डोक्यावर आडवी धरली आणि चौकटीकडे पाहिलं. पट्टीच्या कडेला, केसभरही वर नाही, खाली नाही, नवा ओरखडा होता. त्यातून पाण्याचा एक थेंब खाली उतरत होता.

"थांबलं," पूर्वा म्हणाली.

हा शब्द असा वापरायला तिला मी कधी शिकवलं नव्हतं. ती साइटवर कधी आली नव्हती. पट्टी माझ्या हातात तशीच राहिली. मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं आणि तिनंही माझ्याकडे बघितलं, शांतपणे. ऑफिसात नवा माणूस साहेबाकडे बघतो, तसं.

"ती नळी बुजवायची ना, आबा?" ती म्हणाली. "बुजवा आता. सिमेंट घट्ट होईल."

मी कोपऱ्याकडे वळलो. नळीवरचं जाळीचं झाकण बाजूला काढून ठेवलेलं होतं. खाली दोन फूट मुरूम आणि त्याखाली कातळ, माझ्या हातानं ठोकून पाहिलेला. मी गुडघ्यांवर बसलो. आतून गार हवा येत होती, जात होती.

मग फार खालून आवाज आला. रडून दमलेल्या मुलाचा.

"आबा, तू कुठे आहेस? मला वर घे ना."

आवाज पूर्वाचा होता. मी मागे वळून पाहिलं. चौकटीपाशी उभी असलेली मुलगी तोंड मिटून, माझी वाट बघत होती.

टोकं बदलायची का, या प्रश्नाला 'नंतर बघू' असं मीच म्हणालो होतो.